यादीत नसलेल्या नोटेचे काय?

संगणक हुशार असतो असे आपण म्हणतो. मला तो आज्ञाधारक कारकुनासारखा वाटतो. सांगितले तेवढे चोख करील, न सांगितलेले मुळीच नाही. हा स्वभाव नेमका दिसतो तो 'स्विच' या रचनेत.

बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास 'सी' ही संगणकभाषा घडवली. तिच्यातली ही रचना पुढे अनेक भाषांनी उचलली. टपाल कचेरीत पत्रे खणांत लावतात, तसेच हिचे काम. आलेली किंमत ज्या खणाशी, म्हणजे 'केस'शी जुळेल, तिथल्या सूचना अमलात येतात.

समजा, नोटा मोजणारा प्रोग्राम २०१७च्या आरंभी लिहिला. त्यात १०, २०, ५०, १००, ५०० आणि २००० रुपयांचे खण केले. ऑगस्टमध्ये २००ची नोट चलनात आली. तिला खणच नाही! मग प्रोग्राम बंद पडेल का? नाही. तक्रारही करणार नाही. मुकाट्याने पुढे जाईल आणि बेरजेत दोनशे रुपये कमी भरतील. चूक झाली, हे कळतच नाही; खरा धोका तोच.

यावर उपाय 'डिफॉल्ट' या खणाचा. कुठेच न जुळलेली किंमत त्यात येते. पण तिथे लिहायचे काय? 'उरली ती दोन हजारांचीच' असे गृहीत धरले, तर २००च्या एका नोटेमागे १८०० रुपये जादा दिसतील. असा डिफॉल्ट नसलेलाच बरा. मी म्हणेन, तिथे मोजणी थांबवावी, अनोळखी किंमत पडद्यावर दाखवावी आणि निर्णय माणसावर सोडावा.

मात्र यादी आपलीच आणि पक्की असेल, उदाहरणार्थ आठवड्याचे वार, तर गोष्ट वेगळी. स्विफ्ट किंवा रस्टसारख्या नव्या भाषांत, अशा यादीतला एखादा पर्याय सुटला, तर प्रोग्रामचे भाषांतर करणारा कंपायलरच अडवतो. तिथे सरसकट डिफॉल्ट लिहिला, तर ही राखण आपण होऊन गमावतो.

तेव्हा बाहेरून येणाऱ्या किमतींसाठी डिफॉल्ट हवाच, आणि तो बोलका हवा. घरच्या यादीत मात्र प्रत्येकाला नावानिशी खण द्यावा. हिशेब चुकला तर संगणकाला दोष देऊन भागत नाही. न जुळणाऱ्याचे काय करायचे, हे त्याला आधी आपणच सांगायचे असते.