टोपली उचलण्याआधी

वेळासचे फोटो सगळे सारखेच. ओली वाळू, इवलीशी कासवं, दोरीमागे उभी माणसं. कासवांसाठी रात्री-पहाटे किनारा तुडवणारा माणूस, गावचा कासवमित्र, त्यांत दिसत नाही. मंडणगड तालुक्यातल्या या गावी मी गेलो तो त्याच्याबरोबर चालायला.

अंधार असतानाच सुरूच्या बनातून आम्ही पुळणीवर उतरलो. कासवमित्र दादा पुढे, अनवाणी. टॉर्च खिशातच. उजेड दिसला की अंडी घालायला येणारी मादी पाण्यातूनच परत फिरते. दादांची नजर भरतीच्या रेषेवर होती. ऑलिव्ह रिडलेची मादी वर चढली असेल तर ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा माग उमटतो. "आपल्याला उशीर होतो, अंडी उकरणाऱ्या कोल्ह्याला होत नाही," दादा म्हणाले आणि पाय उचलून चालू लागले.

बरंच चालल्यावर माग सापडला. तो संपला तिथे त्यांनी काठी हलकेच दाबत नेली. वाळू मऊ लागली तशी काठी बाजूला टाकून हात आत घातला, कोपरापर्यंत, मग त्याच्याही वर. एकेक अंडं निघू लागलं. मोजणी शंभरापुढे गेली. "हजारातलं एक मोठं होतं," ते मोजता मोजता म्हणाले. मग हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या जागेत, तेवढ्याच खोलीचा, तळाशी रुंद खड्डा करून ती पुरली, तारखेची पाटी लावली. आता 45 ते 60 दिवस राखण. वाळू तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर जास्त. म्हणून खोलीत हयगय चालत नाही.

शेजारचं घरटं आधीच फुटलेलं होतं. दादांनी ते उकरून टरफलं वेगळी केली, न फुटलेली अंडी वेगळी. नासलेल्या अंड्यांचा, ओल्या वाळूचा, खाऱ्या कुबटपणाचा असा वास आला की मी मागे सरलो. ते वहीत आकडे लिहीत बसले होते. कासव महोत्सवाला येणाऱ्यांच्या नाकापर्यंत हा वास पोचत नाही. मला मात्र वेळास म्हटलं की आधी तोच आठवतो.

दुपारी बाणकोटचा किल्ला चढलो. 1755 साली इंग्रजांच्या हाती गेलेला, त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया केलेला जांभ्याचा किल्ला. खाली सावित्रीची खाडी, पलीकडे हरिहरेश्वर. जागा सुरेख आहे, पण नाकातला तो वास तिथेही गेला नव्हता.

संध्याकाळी हॅचरीतल्या घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलली, खाली पिल्लं होती. पिल्लांना पाण्यापासून अंतर राखून सोडलं, कारण तेवढी वाट त्यांनी स्वतः चालायची असते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा दोरीपाशी उभे राहून पोरांना मागे सारत होते. शेवटचं पिल्लू लाटेत गेल्यावर पुन्हा तेच म्हणाले, "हजारातलं एक."

इथली अंडी पूर्वी चोरून विकली जात. 2002 मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने गावकऱ्यांना घेऊन राखण सुरू केली, 2006 पासून कासव महोत्सव होऊ लागला आणि घराघरांत पाहुणे उतरू लागले. हे फार मोठं काम झालं. पण दादांना मिळतं ते हंगामापुरतं मानधन. पावसाळ्यात ते दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जातात. हजारातल्या एकासाठी जो रात्र जागवतो, त्याला बारा महिन्यांचा पगार मिळालाच पाहिजे. कासव वाचतं ते याच पायपिटीवर.

वेळासला जाल तर गावातल्याच घरी उतरा, रात्री पुळणीवर टॉर्च नेऊ नका, आणि पिल्लं पाहून झाल्यावर लगेच गाडीत बसू नका. कासवमित्राशी दोन शब्द बोला, त्याला मानधन किती मिळतं ते विचारा आणि परत आल्यावर चार जणांना सांगा.