फुलपाखरू हवं, तर सुरवंटही हवा

फुलपाखरू सगळ्यांनाच आवडतं, सुरवंट मात्र कोणालाच नको असतो! पण एकाशिवाय दुसरं नाही. शिवाय प्रत्येक फुलपाखराची अळी ठरावीक झाडांचीच पानं खाते. आपल्याकडे कढीपत्त्यावर मॉर्मन फुलपाखराची अळी असते, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, मोठेपणी हिरवीगार. इथे इल्फर्डला कोबी आणि नॅस्टर्शियमवर ‘लार्ज व्हाइट’च्या काळ्या ठिपक्यांच्या पिवळसर अळ्या, तर अंगाची आग करणाऱ्या नेटलवर ‘पीकॉक’ आणि ‘स्मॉल टॉर्टॉइजशेल’च्या काळ्या, काटेरी अळ्या सापडतात.

मुलांना घरी अळ्या वाढवायच्या असतील तर चार-पाच पुरे. मोठा डबा घ्यावा, तळाला किचन पेपर आणि वर जाळीचं कापड लावावं. अळी ज्या झाडावर सापडली त्याचीच ताजी, फवारणी न केलेली पानं रोज द्यावीत. लेंड्या रोज काढाव्यात, नाहीतर बुरशी येते. अळीला चिमटीत धरू नये, पानासकट हलवावं. डबा उन्हात ठेवू नये.

अळी खाणं सोडून भटकू लागली की कोष करणार असं समजावं. डब्यात दोन-तीन काड्या उभ्या ठेवाव्यात. उन्हाळ्यात साधारण दोन-तीन आठवड्यांत फुलपाखरू निघतं. तेव्हा लालसर थेंब पडले तर घाबरू नये, ते रक्त नव्हे. पंख वाळले की त्याला बागेत सोडून द्यावं. लार्ज व्हाइटचा शरद ऋतूतला कोष मात्र वसंतापर्यंत तसाच राहतो. तो थंड शेडमध्ये ठेवावा. हीटिंगच्या खोलीत फुलपाखरू भर थंडीत निघतं आणि फुलांवाचून मरतं.

एक सावधगिरी: पाठीवर दोन लाल ठिपके असलेली केसाळ, तपकिरी ‘ब्राउन-टेल’ पतंगाची अळी दिसली तर हात लावू नका, पुरळ उठतं.

‘बटरफ्लाय कन्झर्व्हेशन’ या संस्थेच्या उन्हाळी मोजणीत २०२३ मध्ये पंधरा मिनिटांत सरासरी १२ फुलपाखरं दिसली होती, २०२४ मध्ये फक्त ७. डब्यातल्या चार अळ्यांनी ही तूट भरून निघणार नाही. त्यांना बाहेर खायला पानं हवीत. म्हणून आपल्या उदार सभासदांकडे आमचं आणखी एक मागणं आहे, तेही बिनपैशाचं: बागेतला उन्हाचा एक कोपरा नेटलसाठी सोडा, आणि कोबीची दोन पानं सुरवंटाच्या नावाने!