भावनिक बुद्धिमत्ता आणि नैतिक पेचप्रसंग : उज्जैनच्या राम घाटाच्या संदर्भात

स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांतील फरक जाणणे आणि त्या जाणिवेचा विचार व कृतीसाठी उपयोग करणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता होय. पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर यांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकामुळे ती सर्वदूर पोहोचली. आपल्याकडे मात्र तिचा अर्थ पुष्कळदा ‘मन हळवे असणे’ एवढाच घेतला जातो. तो किती अपुरा आहे, हे नदीकाठी चटकन कळते.

उज्जैनला क्षिप्रेच्या राम घाटावर वर्षभर स्नानाची गर्दी असते. पावसाळ्यात पाणी चढले की काठची लहान देवळे बुडतात. समजा, शेवाळलेल्या पायरीवरून एक मुलगा घसरला. पोहता न येणाऱ्या माणसाने काय करावे? पीटर सिंगर यांनी १९७२ मध्ये असाच प्रश्न विचारला होता. पण त्यांचे तळे उथळ होते, वाचवणाऱ्याचे फक्त कपडे चिखलाने भरणार होते. पुराची क्षिप्रा उथळ नसते. बुडणारा हाती येईल त्याला मिठी मारतो व खाली ओढतो. केवळ करुणेपोटी उडी घेतली, तर एकाऐवजी दोन जीव जाण्याचा संभव असतो.

येथे भीती आणि दया दोन्ही खरे सांगत असतात. पाणी खोल आहे, हे भीती सांगते. वेळ नाही, हे दया सांगते. दोघींचे ऐकणारा माणूस पायरीवर पालथा पडून धोतर किंवा साडी फेकतो, रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकतो. घाटावर या वस्तूंना तोटा नसतो. तो नुसते ‘वाचवा’ ओरडत नाही, समोरच्या एकाकडे बोट दाखवून त्यालाच होमगार्डच्या जवानाकडे धाडतो. साक्षीदार वाढले की प्रत्येकाची जबाबदारीची जाणीव घटते, हे डार्ली व लाताने यांनी १९६८ मध्येच प्रयोगाने दाखवले होते.

सर्वांत कठीण निर्णय वेगळाच आहे. मुलाची आई पाण्याकडे धावते. तिलाही पोहता येत नाही. शेजारच्या बायका तिला धरून ठेवतात. ती ओरबाडते, शिव्याशाप देते. कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध अडवू नये, हा नियम चांगलाच आहे. पण त्या क्षणी तो पाळणे म्हणजे तिला बुडू देणे. तिचे दुःख कळत नाही म्हणून नव्हे, तर पुरते कळते म्हणूनच त्या हात सोडत नाहीत. मुलगा वाचला नाही, तर पुढे कित्येक वर्षे तिचे बोल त्यांनाच ऐकावे लागतात.