वाशिष्ठीची पातळी: ५ मीटर आणि ७ मीटर

चिपळूणमध्ये वाशिष्ठी ५ मीटरवर पोचली की इशारा पातळी, ७ मीटरवर धोका पातळी. पण नुसत्या पातळीवरून अंदाज बांधता येत नाही. सह्याद्रीच्या उभ्या उतारावर पडलेलं पाणी थोड्याच वेळात शहरापाशी येतं, म्हणून घाटमाथ्यावरच्या पावसाची नोंद पातळीइतकीच मोलाची. कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारं पाणीही कोळकेवाडी धरणामार्गे याच नदीत उतरतं, म्हणून विसर्गाची वेळ खालच्या गावांना आधी कळायलाच हवी. त्यातच दाभोळ खाडीला भरती असेल तर पाण्याला वाट मिळत नाही आणि ते शहरात तुंबतं. त्यामुळे पावसाळ्यात भरती-ओहोटीचं वेळापत्रकही पाहावं लागतं, विशेषतः अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात. २६ जुलै २००५ला आणि पुन्हा २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. दुसऱ्या वेळी बाजारपेठेत पाणी इमारतींच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं. २ जुलै २०१९च्या रात्री याच तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा पायथ्याच्या वस्तीला सावध व्हायलाही वेळ मिळाला नाही. म्हणून इशारा मोठ्या नदीपुरता न राहता वरच्या ओढ्यांवरच्या लहान धरणांपर्यंत, आणि तिथून रात्रीच्या वेळीही घराघरांत पोचला पाहिजे.