पोटातलं पाणी आणि बदललेले जंतू

यकृत आकसून कडक झालं की पोटात पाणी साठू लागतं. जुनी माणसं याला जलोदर म्हणतात. औसा तालुक्यातल्या एखाद्या घरात असा रुग्ण असला, की सगळ्यांचं लक्ष फुगत चाललेल्या पोटाकडे असतं. खरा घात मात्र त्या पाण्यात जंतू शिरल्यावर होतो, आणि तो बऱ्याचदा गुपचूप होतो. अंगात कसकस, पोटात थोडी कळ, नाहीतर रुग्ण नुसताच असंबद्ध बोलू लागतो.

या रुग्णाच्या पोटाला जखम नसते, आतडंही फाटलेलं नसतं. आतड्यातलेच जंतू दुबळ्या झालेल्या भिंतीतून निसटतात, आजारी यकृत त्यांना अडवू शकत नाही, आणि साठलेल्या पाण्यात त्यांची वाढ होते.

पूर्वी या संसर्गात ई. कोलाय आणि क्लेबसिएला हेच मुख्य असत. सेफोटॅक्सिमचं इंजेक्शन दिलं की बहुतेकांना उतार पडे. आता चित्र पालटलं आहे. हा संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून महिनोन्‌महिने दिलेली नॉरफ्लॉक्सासिनची गोळी, वरचेवर दवाखान्यात भरती होणं, चिठ्ठीशिवाय घेतलेली अँटिबायोटिक्स, या सगळ्यांतून औषधाला दाद न देणारे जंतू तगले. एन्टेरोकॉकससारखे वेगळ्या गटातले जंतूही वाढले. यकृत आकसलेल्या १,३०२ संसर्गग्रस्त रुग्णांचा जागतिक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्या तपासणीत जंतू सापडले, त्यांपैकी ३४ टक्के रुग्णांमध्ये ते अनेक औषधांना न जुमानणारे होते. आशियात, विशेषतः भारतात, हा धोका अधिक दिसला.

म्हणून अंदाजाने औषध देऊन भागत नाही. पोटाच्या खालच्या बाजूला जागा बधिर करून डॉक्टर सुई घालतात आणि पिवळसर पाणी सिरिंजमध्ये ओढतात. त्यातलं थोडं खाटेजवळच कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या, बाटलीत सोडलं, तर जंतू सापडण्याची शक्यता बरीच वाढते. एका घनमिलिमीटर पाण्यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी २५० किंवा त्याहून जास्त निघाल्या, तर कल्चरच्या रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू होतात. रिपोर्ट आला की त्यानुसार औषध बदलतात. सोबत अल्ब्युमिन हे प्रथिनही देतात, कारण हा संसर्ग मूत्रपिंडंही निकामी करू शकतो. १९९९ साली स्पेनमधल्या अभ्यासात अल्ब्युमिनमुळे दवाखान्यातले मृत्यू २९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले होते.

औशाहून लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय साधारण वीस किलोमीटरवर आहे. जलोदराच्या रुग्णाला ताप आला किंवा त्याचं बोलणं बदललं, तर त्याच दिवशी निघावं. निघताना जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाकावीत. गेल्या तीन महिन्यांत कोणतं अँटिबायोटिक झालं, हे डॉक्टरांना त्यांवरून कळतं.