न थांबणारी आकडी

वर्गात एखाद्या मुलाला आकडी आली की एकच धावपळ उडते. कुणी कांदा हुंगवतो, कुणी दातांत चमचा घालतो. खरे तर त्या वेळी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे घड्याळ! असे का, ते पाहू.

मेंदूतील चेतापेशीच्या आत आणि बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचे विभवांतर असते. संदेश जाताना ते क्षणभर उलटते. काही द्रव्ये पेशीला चेतवतात, तर ‘गाबा’ नावाचे द्रव्य ब्रेकसारखे तिला आवरते. असंख्य पेशी बेलगाम होऊन एकाच तालात चेतल्या, की आकडी येते. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात.

आकडी लांबली, तर मात्र ब्रेकच सैल पडतो. गाबाला प्रतिसाद देणारे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात; चेतवणारे ग्राही वर येतात. मिडाझोलामसारखी औषधे गाबाच्या ग्राहींमार्फतच काम करतात. त्यामुळे औषध तेच असले तरी उशिरा दिल्यास गुण कमी येतो.

म्हणूनच २०१५ साली अपस्मारविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने दोन वेळा ठरवून दिल्या. सर्वांगाला झटके देणारी आकडी ५ मिनिटांत थांबली नाही तर उपचार सुरू करावेत. ३० मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. दोन प्रकारच्या औषधांनाही न जुमानणारी आकडी ‘दुर्दम्य’ होय. तेव्हा मुलाला अतिदक्षता विभागात भूलही द्यावी लागते.

अशा मुलांचे पुढे काय होते? ते मुख्यतः कारणावर अवलंबून असते. केवळ तापामुळे आकडी लांबलेली बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. लंडनमध्ये झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, लांबलेल्या आकडीच्या १०० मुलांमागे सुमारे ३ दगावली होती. दुर्दम्य आकडीत धोका याहून जास्त. वाचलेल्यांपैकी काहींना अपस्मार जडतो, काहींची स्मरणशक्ती वा बोलणे मागे पडते. कारण मेंदूज्वर असेल तर स्थिती अधिकच बिकट. नागपूरजवळच्या चांदिपुरा गावाचे नाव मिळालेला, १९६५ साली सापडलेला विषाणू असाच. २००३ साली आंध्र प्रदेशातील साथीत ३२९ आजारी मुलांपैकी १८३ दगावली. तेथे आकडी थांबवूनही भागत नाही, कारण मूळ आजार चालूच राहतो.

कारण आपल्या हाती नसते. वेळ मात्र काही अंशी असते. सुरगाणा-पेठच्या पाड्यावरून नाशिकचे मोठे रुग्णालय गाठण्यात तास सहज जातो. म्हणून ज्या मुलाला वारंवार आकडी येते, त्याच्यासाठी नाकात फवारण्याचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी व शाळेत ठेवावे. आकडी येताच घड्याळ पाहा, मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटे झाली, की १०८ क्रमांक फिरवा!