दऱ्या, दर्या आणि आवृत्तीचा आकडा

युनिकोड रूढ होण्याआधी मराठी अंक ज्या फाँटांत जुळवले जात, त्यांत अक्षरे नव्हे तर अक्षरांचे आकार साठवलेले असत. प्रत्येक फाँटाचा तक्ता निराळा. आज तो फाँट जवळ नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिडा दिसतो. अंक छापील रूपात शाबूत असतो, पण त्याच्या फाइलीत एखादा शब्द शोधू म्हटले तर सापडत नाही.

हा मजकूर युनिकोडात आणणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला. भोसरीच्या एका लहान कारखान्यात मी सव्वीस वर्षे तपासणी विभागात होतो. वाहनांचे सुटे भाग गेजने तपासून चाकणच्या असेंब्ली लाइनकडे रवाना करायचे, हे माझे काम. प्रोग्रॅमिंग शिकलो ते चाळिशीनंतर, रात्री जागून. प्रोग्रॅम लिहिणे जमले. तो इतरांच्या हाती पोहोचवताना मात्र मी चार ठिकाणी अडलो. त्यातल्या शेवटच्या अडथळ्याने मला जे शिकवले, त्यासाठी हा लेख.

ओपन सोर्स पॅकेज म्हणजे ज्याचा मूळ मजकूर कोणालाही पाहता, वापरता आणि सुधारता येतो, असा प्रोग्रॅमचा गठ्ठा. पायथन भाषेतले असे गठ्ठे ‘पायपीआय’ या सार्वजनिक भांडारात ठेवतात. ते २००३ पासून चालू आहे. एका ओळीची आज्ञा दिली की तिथला गठ्ठा जगात कुठेही उतरवून घेता येतो.

पहिला अडथळा नावाचा. मी निवडलेले नाव आधीच कोणीतरी घेतले होते. मध्ये आडवी रेघ घातली, मग अधोरेषा घातली, तरी नकारच. कारण या भांडाराच्या लेखी आडवी रेघ, अधोरेषा आणि टिंब एकच, लहान-मोठी रोमन अक्षरेही एकच. फसवी जुळी नावे टळावीत म्हणून हे बरेच आहे. मी नावच बदलले.

दुसरा अडथळा ओळखीचा. पुन्हा ‘४०३’ हा आकडा आला. त्याचा अर्थ ‘परवानगी नाही’ एवढाच. का नाही, ते आपणच शोधायचे. इथे पासवर्ड चालत नाही, टोकन नावाची लांबलचक किल्ली लागते. सरावासाठी एक वेगळे चाचणी-भांडार आहे, त्याचे खाते वेगळे आणि किल्लीही वेगळी. मी चाचणीची किल्ली खऱ्या कुलपाला लावत होतो.

तिसरा अडथळा सर्वांत फसवा. गठ्ठा चढला. माझ्या संगणकावर चालला, दुसऱ्याच्या संगणकावर पहिल्याच ओळीला कोसळला. फाँटाचा तक्ता मी वेगळ्या फाइलीत ठेवला होता. गठ्ठा बांधणारे साधन प्रोग्रॅमच्या फाइली आपोआप उचलते, इतर फाइली मात्र आपण तसे बजावले नाही तर मागे राहू शकतात. माझ्याकडे तो तक्ता शेजारच्याच फोल्डरात असल्यामुळे उणीव दिसलीच नाही. यावर उपाय दोन. तयार झालेली ‘व्हील’ फाइल ही खरे तर झिप फाइलच असते. ती उघडून आत काय आहे ते डोळ्यांनी पाहायचे. आणि रिकाम्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, दुसऱ्याच फोल्डरातून, परक्यासारखा तो गठ्ठा बसवून पाहायचा. रवाना होणारी पेटी उघडून पाहण्याची सवय असलेल्या माणसाने हे विसरावे, याची मला लाज वाटली.

चूक लपवावी म्हणून मी १.०.० ही आवृत्ती पुसली आणि तक्त्यासह त्याच आकड्याने पुन्हा चढवू लागलो. हा चौथा अडथळा. भांडाराने साफ नकार दिला. एकदा वापरलेले फाइलीचे नाव पुसल्यावरही पुन्हा मिळत नाही, आणि आवृत्तीचा आकडा त्या नावातच असतो. चिडून मी १.०.१ चढवली.

प्रकाशित गठ्ठ्यावर दुसऱ्यांची कामे उभी असतात. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या ‘एनपीएम’ भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा गठ्ठा त्याच्या लेखकाने काढून घेतला आणि जगभरचे असंख्य प्रकल्प अडले. गठ्ठा नाहीसा झाला की निदान आरडाओरड होते. त्याच आकड्याखाली आतला माल बदलला, तर कोणाला पत्ताही लागत नाही.

याचा प्रत्यय मला लवकरच आला. एका गावच्या वाचनालयातल्या कार्यकर्त्याने माझा प्रोग्रॅम वापरून जुन्या स्मरणिका बदलायला घेतल्या होत्या. त्याने विचारले, ‘काका, आमच्या घाटमाथ्यावरच्या लेखात दर्या कुठून आला?’ मूळ शब्द होता ‘दऱ्या’. जुन्या फाँटात रफार आणि चंद्रकोरीसारखा ‘ऱ्’ हे दोन निराळे आकार होते. माझ्या तक्त्यात मी दोन्ही एकाच रांगेत बसवले होते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही खरे शब्द, म्हणून शुद्धलेखन तपासनीसही गप्प. नुसता बदललेला मजकूर पाहून चूक ओळखण्याचा मार्ग नव्हता.

मी १.०.२ काढली आणि १.०.१ला ‘यँक’ केले. यँक केलेली आवृत्ती भांडारात राहते, पण नेमकी तीच मागितल्याशिवाय नव्याने कोणाला दिली जात नाही. लॉट नंबरच्या जुन्या सवयीने माझा प्रोग्रॅम प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर आवृत्तीचा आकडा लिहीत असे. कार्यकर्त्याने १.०.१ असलेल्या फाइली वेगळ्या काढल्या आणि मूळ फाइलींवरून तेवढ्याच पुन्हा बदलल्या. भांडाराने मला आकडा पुन्हा वापरू दिला असता, तर मी ही दुरुस्तीही गुपचूप १.०.१च्याच नावाने सरकवली असती आणि त्याला सगळ्या स्मरणिका पहिल्यापासून कराव्या लागल्या असत्या.

कारखान्यात सदोष लॉट परत आला, तर दुरुस्त माल आम्ही जुन्या लॉट नंबरावर कधीच पाठवत नसू. छापील पुस्तकालाही शुद्धिपत्र जोडतात. विकलेल्या प्रतींची पाने रात्रीतून बदलत नाहीत. माझ्या पॅकेजच्या माहितीपानावर आता तसे शुद्धिपत्र आहे. त्यातली पहिली नोंद ‘दऱ्या’ची आहे.